सह्याद्रीचा तांबूस शेपटीचा सातभाई

पक्ष्याला नांव दोन ठिकाणीं मिळतें. एक लोकांत आणि एक शास्त्रांत. लोक त्याची रीत पाहतात, शास्त्र त्याचीं पिसें तपासतें. नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबक, इगतपुरी, पेठ या बाजूच्या झाडींत पाचोळा उलटीत, कलकलाट करीत टोळीनें हिंडणारा मातकट रंगाचा पक्षी मराठी माणसास सातभाई म्हणून ठाऊक आहे. इंग्रजांनीं त्याच टोळीस सात बहिणी ठरविलें! त्याचा आवाज कर्कश. तरी कंठाच्या रचनेवरून शास्त्रज्ञ त्याची गणना गायक पक्ष्यांतच करितात.

पेशवाई बुडाल्यावर हातीं आलेला मुलूख कसा आहे, हें जाणण्याची निकड मुंबई सरकारास भासली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८२४ सालीं कंपनीच्या फौजेंतील विल्यम हेन्री साइक्स यांस दख्खनची पाहणी करण्यास नेमिलें. काम जमीन, पिकें व खानेसुमारी यांचें. परंतु साइक्स यांनीं त्यासवें पक्षी, मासे आणि जनावरें यांचीही नोंद ठेविली. १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झाली. त्यांतील पन्नासांहून अधिक पक्षी शास्त्रास नवे होते. मोठ्या करड्या सातभाईस त्यांनीं मुंबईचे माजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें नांव दिलें, आणि तांबूस शेपटीच्या व पंखांत गडद पिसें असलेल्या सातभाईस सॉमरव्हिल यांचें. हा दुसरा पक्षी स्वतंत्र जातीचा आहे, असें साइक्स यांचें मत होतें.

हें मत टिकलें नाहीं. बंगालकडील सातभाईस ड्यूमाँ या फ्रेंच पंडितानें १८२३ सालींच नांव दिलें होतें. पुढें ठिकठिकाणचे नमुने ताडून पाहतां बंगाल, सिंध, मलबार व सह्याद्री येथील हे सातभाई एकाच जातीचे प्रांतभेद ठरले. अशा प्रांतभेदास उपजात म्हणतात. उपजातींचे नर-माद्या एकत्र आले तर त्यांची वीण होऊं शकते. परंतु आपापल्या मुलुखांत पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांचें रूप निराळें झालेलें असतें. आधींचें नांव तें खरें, या नियमानें ड्यूमाँचें नांव जातीस राहिलें आणि साइक्स यांनीं दिलेलें नांव तिसऱ्या स्थानीं गेलें: अर्ग्या स्ट्रायाटा सॉमरव्हिली.

या उपजातीचा मुलूख लहान आहे. उत्तर सह्याद्री व त्याच्या लगतचा पश्चिम पट्टा एवढाच. पठारावरून पूर्वेकडे जावें, तों तांबूस शेपटी मागें पडते व दख्खनची दुसरी उपजात सुरू होते. नाशिक जिल्हा या दोहोंच्या शिवेजवळ वसला आहे.

मृगाच्या सुमारास ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आपलें अंडें सातभाईच्या घरट्यांत घालतो, आणि त्या परक्या पिलास सातभाईच भरवून वाढवितात. जातीचा विस्तार देशभर असल्यामुळें तीस धोका नाहीं, असें याद्या सांगतात. परंतु घाटांतील झाडी तुटून उद्यां तांबूस शेपटी नाहींशी झाली, तरी जातींच्या यादींतील आंकडा एकानेंही उणा होणार नाहीं. म्हणून टोळी दिसतां नाशिककरांनीं पक्षी मोजावे, तसा शेपटीचा रंगही पाहावा. शीव कोठें आहे आणि ती मागें सरते आहे काय, हें तेथें राहणाऱ्यांच्या डोळ्यांसच आधीं कळेल.