डिस्चार्ज कार्डावरची तीन अक्षरं आणि म्हैसूरची वही

आज जरा रुक्ष वाटेल असा विषय घेतलाय, पण त्याचा कागद बहुतेक तुमच्याही घरातल्या फाइलमध्ये असेल. आजी चार दिवस दवाखान्यात होती. ताप, थंडी, लघवीला जळजळ. घरी येताना हातात डिस्चार्ज कार्ड मिळालं, त्यावर निदान म्हणून तीन अक्षरं: यूटीआय. मूत्रमार्गाचा संसर्ग. घरच्यांच्या दृष्टीने विषय मिटला. कागदाचं काम मात्र आता सुरू होतं, कारण तो कोडरच्या टेबलावर जातो.

कोडर त्या तीन अक्षरांना एक क्रमांक देतो, एन ३९.०. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, दहाव्या आवृत्तीत या क्रमांकाचा अर्थ आहे ‘मूत्रमार्गाचा संसर्ग, जागा सांगितलेली नाही’. संसर्ग मूत्राशयात असता तर एन ३०. मूत्रपिंडात अचानक उद्भवला असता तर एन १०. बाई गरोदर असती तर प्रकरणच वेगळं, ओ २३. कल्चरमध्ये ई. कोलाय सापडला असेल तर सोबत बी ९६.२ जोडायचा. यातलं काहीही कोडरने मनाने ठरवायचं नसतं. लिहिलेलं असेल तेवढंच घ्यायचं.

मोघम नावांची ही तक्रार जुनी आहे. इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार यांनी १८३९ मध्येच लिहून ठेवलं होतं की एकाच रोगाला तीन-चार नावं आहेत आणि एकेका नावाखाली भलतेच रोग जमा होतात. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या बैठकीत ज्याक बर्तियाँ यांची यादी मान्य झाली. ती फक्त मृत्यूच्या कारणांची होती. जिवंत माणसांचे आजार या वर्गीकरणात पद्धतशीर आले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती काम आल्यावर. लघवीच्या जळजळीने कोणी सहसा मरत नाही, त्यामुळे तोवर आपल्या आजीचा आजार या हिशेबात जवळजवळ नव्हताच.

आता म्हैसूरला जाऊ. तिथल्या ज्या नोंदींबद्दल सांगायचंय, त्यांचं मोल कुठल्याही कोडमुळे ठरलेलं नाही. म्हणूनच त्या मला महत्त्वाच्या वाटतात.

म्हैसूरमध्ये होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल आहे, ख्रिस्ती मिशनने १९०६ मध्ये सुरू केलेलं. तिथे १९३४ पासून बाळंतपणाच्या नोंदी ठरावीक पद्धतीने ठेवल्या गेल्या. जन्मलेल्या बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, शिवाय आईचं वजन. वजनं पौंडात. रोज तेच मोजायचं, तसंच मोजायचं आणि लिहायचं. साठ वर्षांनी कोणाला या आकड्यांतून हृदयविकाराबद्दल काही शोधायचं असेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसणार.

पण तसंच झालं. कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलच्या आसपासच्या वस्तीत घरोघर जाऊन तिथे जन्मलेली माणसं शोधली आणि जुन्या नोंदींशी त्यांची गाठ घातली. १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. जन्माच्या वेळी साडेपाच पौंड किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण ११ टक्के होतं, सात पौंडांहून जास्त असलेल्यांत ३ टक्के.

दोन वर्षांनी मधुमेहाचा अभ्यास आला, आणि तो मला जास्त चकित करतो. इथे नुसतं कमी वजन दोषी ठरलं नाही. लांबीने आखूड, पण लांबीच्या मानाने वजनदार अशी जी बाळं होती, त्यांना पुढे मधुमेह जास्त झाला, आणि त्यांच्या आयाही सरासरीहून वजनदार होत्या. लांबीचा रकाना कंटाळून कोणी रिकामा सोडला असता तर हे दिसलंच नसतं. याच संशोधकांनी पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबरोबरही काम केलं, पण ती गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी.

त्या वहीतून मूत्रमार्गाच्या संसर्गाबद्दल काही विचारता येईल का? आज ज्या अर्थाने विचारतो त्या अर्थाने नाही. एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू म्हणजे खरा संसर्ग धरायचा, हा निकष बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५६ च्या सुमारास रूढ केला. १९३४ मध्ये तो नव्हताच. त्यांचं सगळ्यात उपयोगी पडलेलं कामही गरोदर बायकांवरचं होतं. कसलाही त्रास नसताना लघवीत जंतू असतात आणि वेळीच उपचार केले नाहीत तर पुढे मूत्रपिंडापर्यंत दुखणं जाऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

आज कल्चर आहे, कोड आहेत, संगणक आहेत. तरी काय होतं ते पाहा. हॉस्पिटलमध्ये लघवीची नळी घातल्यामुळे झालेल्या संसर्गाचे जादा पैसे द्यायचे नाहीत, असं अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने ऑक्टोबर २००८ पासून ठरवलं. हेतू चांगला होता. मग मिशिगन राज्यातली २००९ ची बिलं तपासली गेली. पावणेआठ लाखांहून जास्त रुग्णांपैकी पैसे कापले गेले फक्त २५ जणांचे. संसर्ग थांबला होता असं नाही. नळी कधी घातली, कधी काढली हे बहुधा नर्सच्या टिपणात असतं, आणि नियमाप्रमाणे कोडरने बघायचं डॉक्टरांचं लिखाण. डॉक्टरांनी नुसतं यूटीआय लिहिलं की नळी बिलातून गायब, आणि उरतो तो नुसता मोघम संसर्ग.

इथे मला इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या एथेल मार्गारेट बर्नसाइड आठवतात. १९११ पासून त्यांनी सुईणींकडून बाळांची वजनं टिपून घेतली. म्हैसूरच्या आधी असा शोध लागला तो त्यांच्याच नोंदींतून. सुईणींचं टिपण तिथे प्रमाण मानलं गेलं. मिशिगनमध्ये नर्सचं टिपण कागदावर असूनही धरलं गेलं नाही.

अमेरिकन हॉस्पिटलांचं बरंच कोडिंग आता भारतात बसलेली आपलीच मुलं-मुली करतात. त्यांना एक शब्द फार छळतो, ‘युरोसेप्सिस’. काही डॉक्टर तो साध्या संसर्गासाठी वापरतात, काही जण संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतल्यावर. अमेरिकन नियमांत या शब्दाला कोडच नाही. मग कोडरला थांबून डॉक्टरांना लेखी विचारावं लागतं: तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय? उत्तर येईपर्यंत तो कागद तसाच पडून राहतो.