फिल्टर केवढा हवा?

शाळेच्या खगोल मंडळाने दुर्बिणीला कॅमेरा जोडला की थोड्याच दिवसांत फिल्टरचा प्रश्न निघतो. दुर्बीण आठ इंची असेल, तर फिल्टरही त्या मानाने मोठाच हवा, असा बहुतेकांचा समज असतो. तो का चूक आहे, हे फिल्टरचा इतिहास पाहिला की कळते.

सुरुवातीच्या छायाचित्रण-काचांवर निळा-जांभळा प्रकाशच उमटत असे. १८७३ साली बर्लिनच्या हेरमान फोगेल यांना आढळले की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली की हिरवा-पिवळा प्रकाशही उमटतो. पुढे ही मजल तांबड्यापर्यंत गेली. मात्र निळ्या प्रकाशाची संवेदनक्षमता कायम राहिली. म्हणजे केवळ तांबडे चित्र हवे, तर निळा प्रकाश वाटेतच अडवायला हवा!

पालोमार येथील ४८ इंची श्मिट दुर्बिणीने १९४९ ते १९५८ या काळात आकाशाची पाहणी झाली. प्रत्येक भागाची एक निळी व एक तांबडी काच घेतली गेली. काच १४ इंच चौरस. तांबड्यासाठी लाल प्लेक्सिग्लास, म्हणजे चक्क प्लॅस्टिक, काचेच्या पुढ्यात बसवले जाई. फिल्टरचे माप ठरले ते काचेवरून, ४८ इंचांवरून नव्हे. त्याच सुमारास, १९५३ साली, जॉन्सन आणि मॉर्गन यांनी ताऱ्यांचे रंग मोजण्याची यूबीव्ही पद्धत मांडली. त्यांचे प्रकाशमापक एका वेळी एकच तारा मोजत असल्याने छोटी रंगीत काच पुरे.

१९६९ साली बॉइल व स्मिथ यांनी सीसीडी शोधली (त्याबद्दल २००९चे नोबेल मिळाले) आणि १९९०च्या दशकात ती हौशी निरीक्षकांच्या हाती आली. त्या वेळच्या एका प्रचलित संवेदकाचे माप अवघे ६.९ × ४.६ मिमी होते. नेत्रिकेच्या नळीत आट्यांनी बसणारे सव्वा इंची फिल्टर बाजारात होतेच; ते आयते उपयोगी पडले. आजचे सव्वा इंच आणि दोन इंच हे आकार मुळात नेत्रिकेच्या नळीचे आहेत.

आता हिशेब. नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असेल, तर ती दुर्बीण एफ/५. तिच्यातला प्रकाशाचा शंकू संवेदकापासून मागे दर ५ मिमीला १ मिमी रुंदावतो. म्हणून संवेदकाचा कर्ण घ्या आणि त्यात फिल्टरचे अंतर भागिले पाच मिळवा. १७.७ × १३.४ मिमी संवेदकाचा कर्ण सुमारे २२ मिमी. फिल्टर २० मिमी दूर असेल, तर २२ + ४ = २६ मिमी. सव्वा इंची फिल्टरची कडी सोडून उघडी काच साधारण २६-२७ मिमी असते, म्हणजे काठावर पास! ३६ × २४ मिमी संवेदकाचा कर्णच ४३ मिमी; तिथे दोन इंचीला पर्याय नाही. एका संचात सहा-सात फिल्टर लागतात आणि दोन इंचीची किंमत दुपटीच्या घरात जाते. तेव्हा कॅमेरा निवडतानाच हा खर्च धरलेला बरा. मोठ्या संवेदकाचा मोह महाग पडतो, असे माझे मत आहे.

कोपरे थोडे काळवंडले तर एकसारख्या उजळ पडद्याचे चित्र घेऊन ती त्रुटी बरीचशी काढता येते. अंतराकडे मात्र दुर्लक्ष नको. त्याच २२ मिमी कर्णाच्या कॅमेऱ्यापुढे जोडनळ्या लावून फिल्टर ५० मिमी दूर नेला, तर ३२ मिमी काच लागते आणि सव्वा इंची फिल्टर अपुरा पडतो.