मांड्याचं पान भिंतीवर

जुन्या पाकपुस्तकाचं पान मोठं छापून, काचेची चौकट करून स्वयंपाकघरात लावायची हौस आता चांगली रुजली आहे. दुकानात मिळतं ते बहुतेक विलायती पान असतं. मिसेस बीटनच्या १८६१ सालच्या ग्रंथातली रंगीत चित्रं त्यात हमखास असतात. चित्रं सुरेख आहेत, वाद नाही. पण जळगाव-धुळ्याच्या ज्या घरात कळण्याच्या भाकरी थापल्या जातात, तिथे लावायला आपल्या कुळातलं पान आहे आणि त्यावरचा मजकूर बीटनबाईंच्या पुस्तकाहून सातशे वर्षांनी थोरला आहे.

ते पान भिंतीपर्यंत कसं येतं, हे पाहायचं तर आधी भिंतीकडे बघावं लागतं. मराठी घरांत छापील तसबिरी आल्या त्या पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यामुळे. तो १८७८ साली निघाला. मग १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी काचेत जाऊन बसल्या. मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’, हेही त्याच सुमाराचं, १८७५ चं. छापील तसबीर आणि छापील पाककृती एकाच पिढीच्या हाती आल्या, पण तसबीर खिळ्यावर गेली आणि पुस्तक फडताळात. ते योग्यच होतं, कारण पुस्तक वापरायचं होतं. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्यात आणली आणि त्यांचं पुस्तक नव्या नवरीच्या सामानात जाऊ लागलं. त्या प्रतींवरचे हळदीचे डाग मला काचेतल्या कोऱ्या छपाईपेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

खानदेशातलं शिक्षण मात्र बरंचसं चुलीपाशीच झालं. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर किती भाजायची, बिबड्यांचं पीठ किती शिजवायचं, हे सासूच्या हाताकडे बघून शिकायचं. मांड्यांचं तर विचारूच नका.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास एखाद्या घरी मांडे होताना पाहावेत. मोठं मातीचं खापर चुलीवर उपडं घातलेलं, खाली जाळ. कणीक वस्त्रगाळ पिठाची, भरपूर मळून सैल केलेली. पुरण भरलेला उंडा थोडा लाटला की पोळपाटाचं काम संपतं. मग बाई तो दोन्ही हातांवर घेते, या पंजावरून त्या पंजावर झुलवते आणि मांडा मनगट ओलांडून कोपराकडे सरकत जातो. पुरण आतून दिसावं इतका पातळ, तरी कुठे फाटलेला नाही. एका झटक्यात तो खापरावर पडतो आणि खापराची गोलाई घेतो. भाजला की घडी घालून टोपलीत. वर तूप, सोबत आमरस.

ही कृती लिहिलेली सापडते ती थेट बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक सांगितले आहेत: गहू धुऊन वाळवावेत, दळावेत, चाळावेत, तूप-मीठ घालून पीठ मळावं, गोळे हातांनी पसरून तापल्या खापरावर टाकावेत. राजाच्या मुदपाकखान्यातली ही पद्धत आज तापीकाठच्या अंगणात जिवंत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्रंथ छापला बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने, संपादक ग. कु. श्रीगोंडेकर. अन्नभोग ज्या दुसऱ्या खंडात येतो, तो १९३९ चा. त्या पानावर चित्र नाही, वेलबुट्टी नाही, नुसते देवनागरीतले श्लोक. चौकटीत लावायला मला तेच पान हवं.

चित्र हवंच असेल तर तेही आपल्याकडे आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, विसोबा चाटीने कुंभारांना तिला खापर देऊ दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? तिची तसबीर कितीतरी घरांत आहे. मुक्ताबाई १२९७ मध्ये गुप्त झाली ती आपल्याच तापीकाठी, मेहूणला. मुक्ताईनगरहून तिची पालखी दर आषाढीला पंढरपूरला निघते. पाककृतीची तसबीर भिंतीवर लावण्याची रीत आपल्याकडे आधीपासून होती, फक्त तिला कोणी सजावट म्हटलं नाही.

लावताना एवढं सांभाळा. मूळ पान फाडू नका, त्याची प्रत काढून छापून घ्या. जुना कागद आम्लामुळे आधीच पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, आणि खानदेशातला मे महिना त्याला सोसत नाही. शेवभाजीच्या फोडणीचा तेलकट वाफारा काचेच्या फटीतूनही शिरतो, म्हणून चौकट शेगडीवर नको, समोरच्या भिंतीवर बरी. मागे पुठ्ठा आम्लरहित घ्यावा.

आणि शेजारी दुसरी चौकट घरच्या वहीतल्या पानाची असावी. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकात आली. मांडे करणाऱ्या कितीतरी बायकांना असं टिपून घेणारं कोणी मिळालं नाही. तुमच्या घरी वही नसेल तर येत्या आखाजीला आजीजवळ बसा. कणीक किती वेळ तिंबायची, खापर कुंभाराकडून घेताना वाजवून कसं पाहायचं, पहिला मांडा चिकटला तर काय करायचं, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, अहिराणीत असेल तर अहिराणीत.