परवान्याची बंदूक

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आलेल्या सात वर्षांच्या पोराइतका स्वतंत्र नागरिक या देशात दुसरा नसेल. त्याला परवाना लागत नाही, फौजदाराची भीती नाही, आणि दारूगोळा आजीच्या बटव्यातून येतो. थोरांची गोष्ट निराळी. दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो ती विळीची, कोयत्याची, अडकित्त्याची; ज्याच्या दारात मोटार असेल तो तिलाही झेंडूची माळ घालतो. शस्त्रे म्हणून पुजायची ती शस्त्रे घरातून गेली कुठे, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. त्याचे उत्तर थोडे इतिहासात आहे.

१८५७ साली उत्तरेत वणवा पेटला तेव्हा कंपनी सरकारने घाईघाईने हत्यारांचा कायदा केला. हत्यारांची नोंद करा, परवाना घ्या, नाही तर ती जमा करा, असा त्याचा मथितार्थ. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात हलगली नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे बेरडांची वस्ती मोठी. शिकार करावी, राखण करावी, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. ब्राह्मणाला पंचांग तसे बेरडाला हत्यार! कारकून दौत-लेखणी घेऊन ते मोजायला येणार म्हटल्यावर गाव बिथरले. आज नोंद, उद्या जप्ती, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. कोणत्याही शहाण्या सभेत त्यांचा हा तर्क आजही खोडून काढणे कठीण जाईल. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी हत्यारे द्यायचे नाकारले. सरकारी फौज आली, गावाला वेढा पडला, घरे पेटवली गेली. कित्येक जागीच मेले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी झाली. कानडी लावणीकारांनी जडगा, बाळा या बेरड वीरांना पुढे गाण्यांत जिवंत ठेवले, आणि गंमत अशी की त्या लावण्या गोळा करून छापल्या त्या फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने.

वणवा विझला, कायदा मात्र विझला नाही. १८७८ च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनने एकाच महिन्यात दोन कायदे केले. एकाने देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधले, दुसऱ्याने हात. त्या वेळी दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत होती. सरकारची काळजी मात्र लेखणी आणि बंदूक या दोन वस्तूंभोवती फिरत होती. वर्ष लोटते न लोटते तोच १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांना हाताशी धरून बंड केले. कायद्याने बंड थांबते असा लिटनसाहेबाचा समज असेल, तर त्याचे उत्तर त्याला आमच्याच मुलखाने दिले.

वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ मध्ये रद्द केला. हत्यारांचा राहिला. त्यात सर्वांत जास्त झोंबणारी गोष्ट बंदी ही नव्हती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्यातून सूट होती, ती झोंबत असे. धोक्याची वस्तू सर्वांच्याच हातून काढून घेतली तर माणूस कुरकुरत का होईना पण मानतो. शेजाऱ्याच्या हातात ती ठेवून आपल्या हातातून घेतली, तर तो अपमान होतो. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, या कायद्यात बदल करा असा ठराव झाला. वंशावरून दिलेली सूट जायला १९२० साल उजाडावे लागले.

आणि मग, वाचकहो, एक मौज पहा. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीच या कायद्याला ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले होते. १९३० च्या जानेवारीत त्यांनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर उठवा ही जशी त्यांत होती, तशीच स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या हीसुद्धा होती. निर्भय माणसाने शस्त्र खाली ठेवणे वेगळे आणि भेकडाच्या हातात ते नसणे वेगळे, हा त्यांचा भेद होता. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, अर्थात नियमांच्या अधीन राहून.

स्वराज्य आले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी कराचीची आठवण देऊन तो हक्क घटनेत घाला अशी दुरुस्ती मांडली. खरे तर ही जुनी हुंडी होती आणि ती वटवायची वेळ आली होती. पण दिल्लीत पिस्तुलातून गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या त्याला तेव्हा दहाच महिने झाले होते, आणि फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. कोणीही उठावे, बाजारात जावे आणि हवी ती मारक वस्तू विकत आणावी, असे झाले तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा सवाल होता. शस्त्र धारण करणे हा हक्क म्हणण्यापेक्षा, प्रसंग पडल्यास देशासाठी ते उचलणे हे कर्तव्य म्हणावे, असेही ते बोलले. दुरुस्ती फेटाळली गेली. आज आपल्या घटनेत सभा भरवण्याचे स्वातंत्र्य आहे, ते 'शांततेने आणि विनाशस्त्र' या शब्दांसह.

मी बाबासाहेबांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. तरी हलगलीची ती राख आठवली की माझी मान ताठ राहत नाही. बंदी घालणारा आपला आहे एवढ्याने बंदीचा जाच कमी होतो का? १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि लिटनचा कायदा गेला, परवाना राहिला. १९८३ मध्ये एका परवानेदाराला तीन हत्यारांची मर्यादा पडली, २०१९ मध्ये ती दोनवर आली. कूर्गच्या लोकांना मात्र इंग्रजांच्या काळापासून मिळालेली सूट अजून चालू आहे.

आमच्या कोकणातल्या शेतकऱ्याजवळ असते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. तिचा उपयोग डुकरे आणि माकडे हाकलण्याचा. पुष्कळदा नुसता बारच काढायचा. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. २०१४ आणि २०१९ या दोन्ही वर्षी विधानसभेची निवडणूक ऐन ऑक्टोबरात आली, म्हणजे भात पिवळे होऊन लोंबत असते तेव्हा. शेतकरी बंदूक खांद्यावर टाकून तालुक्याला जातो, पावती खिशात घालून एस्टीने परत येतो, आणि रात्री डबा व काठी घेऊन माळ्यावर बसतो.