दया नव्हे, न्याय : गव्हर्नर आल्टगेल्ड

१ मे हा दिवस आपण कामगार दिन म्हणूनही पाळतो. त्या दिवसाशी जोडल्या गेलेल्या शिकागोच्या प्रकरणात एका गव्हर्नराने आपले सारे राजकीय भवितव्य पणाला लावले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांचे स्मरण आम्हांला म्हणूनच अगत्याचे वाटते.

आल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीत झाला. ते तान्हे असतानाच आईवडील अमेरिकेत ओहायो राज्यात येऊन शेती करू लागले. घरी गरिबी, शिक्षण तुटपुंजे. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात गेले. पुढे शिक्षकी केली, मजुरी केली, मिसुरीत वकिलीची सनद मिळवली आणि १८७५ मध्ये शिकागो गाठले. तेथे जमीनजुमल्याच्या व्यवहारात त्यांनी धन मिळवले, न्यायाधीशपद भूषविले आणि १८९२ मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. परदेशात जन्मलेला गव्हर्नर इलिनॉयला प्रथमच लाभला.

तोवर हेमार्केट प्रकरणाला सहा वर्षे झाली होती. ४ मे १८८६ रोजी कामगारांची सभा उधळण्यास पोलीस आले असता कोणीतरी बॉम्ब टाकला. सात पोलीस प्राणास मुकले. बॉम्ब टाकणारा कधीच सापडला नाही. तरीही आठ जणांना दोषी ठरवण्यात आले. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघे फाशी गेले. एकाने आदल्या दिवशी कोठडीतच प्राणत्याग केला. तिघे तुरुंगात खितपत राहिले.

या तिघांना सोडावे, अशी विनंती अनेक प्रतिष्ठितांनीही केली होती. शिक्षा पुरेशी झाली, आता दया दाखवतो, एवढे म्हणून आल्टगेल्ड मोकळे झाले असते, तर गहजब झाला नसता. परंतु २६ जून १८९३ रोजी माफी देताना त्यांनी सविस्तर कारणे लिहिली : ज्यूरी आधीच ठरवून निवडलेली होती, न्यायाधीश पक्षपाती होते आणि आरोपींचा बॉम्ब टाकणाऱ्याशी संबंध सिद्ध झालाच नव्हता. आपण ज्याला रामशास्त्री बाणा म्हणतो, तो हाच.

वृत्तपत्रे तुटून पडली. ‘अराजकवादी’, ‘परका’ अशी दूषणे त्यांच्या वाट्याला आली. १८९४ च्या पुलमन संपात राज्याने मागणी केली नसताना अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शिकागोत केंद्राचे सैन्य पाठवले. आल्टगेल्ड यांनी राज्यघटनेच्या आधारे त्याला विरोध केला. १८९६ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. कारखान्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी त्यांच्या कारकीर्दीत १८९३ मध्ये कायदा झाला होता. त्यातील स्त्रियांसाठीचे आठ तासांचे कलमही १८९५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवले. संपत्तीही ओसरत गेली. १२ मार्च १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या संध्याकाळीच ते दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या बाजूने भाषण करीत होते.

मग कारणे लिहून त्यांनी काय साधले? आमच्या मते उत्तर स्पष्ट आहे. दया केली असती, तर ती जिवंत असलेल्या तिघांपुरतीच पोहोचली असती. खटलाच अन्याय्य होता, हे गव्हर्नराच्या सहीने नोंदले गेल्यामुळे फासावर गेलेल्या चौघांच्या नावावरचा कलंकही पुसला गेला. मृतांना न्याय देण्याचा याहून वेगळा मार्ग त्यांच्या हाती नव्हता, आणि त्याची किंमत त्यांनी विनातक्रार मोजली.