तळ्याकाठचा मुक्काम आणि तळ्याआधीची गावं

मारुंजीत राहणाऱ्या कुणालाही विचारा, शनिवार-रविवार कुठे जाता? उत्तर ठरलेलं असतं: पवना, नाहीतर मुळशी. आमच्या फ्लॅटवरची पोरंही तेच करतात. तळ्याकाठी लॉज किंवा तंबू, समोर पाणी, सकाळी धुकं, चहा आणि कांदाभजी. मीही गेलोय आणि मजाही केलीय, त्यामुळे हा लेख उपदेशाचा नाही. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हाला मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण ती तुमच्याकडूनही सहज होऊ शकते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी आराखड्यात मुळशीचं तळं 'नैसर्गिक संदर्भस्थळ' म्हणून लिहिलं होतं. म्हणजे शहरातल्या दूषित पाण्याची तुलना ज्याच्याशी करायची, ते 'मूळचं' पाणी. गाईडनी कागद परत देताना एवढंच विचारलं, "हे तळं कधीपासून आहे?" मला सांगता आलं नाही. आणि मारुंजी मुळशी तालुक्यातच येतं बरं का!

तर उत्तर असं आहे. हे तळं जेमतेम शंभर वर्षांचं आहे. टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदी अडवून पाणी साठवायचं, बोगद्यातून सह्याद्रीखाली कोकणात उतरवायचं आणि भिरा इथे त्यावर वीज तयार करायची, अशी योजना आखली. वीज हवी होती मुंबईला, मुख्यतः तिथल्या गिरण्यांना आणि रेल्वेला. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. पूर्वेला पुण्याकडे वाहणारं पाणी असं पश्चिमेला वळलं.

पण त्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं होती, भातशेती होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली जाऊ लागली, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. काही काळ काम थांबलंही, पण पुन्हा सुरू झालं. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले, अनेकदा तुरुंगात गेले. १९२४ मध्ये त्यांनी कामाची रेल्वेगाडी हत्यार घेऊन अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र झालंच. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे.

आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा. धरणाआधी या लोकांचं आयुष्य कसं होतं, आणि नंतर नेमकं काय झालं? इथे गाडी अडते. भूसंपादनाच्या कागदात जमिनीचा मालक दिसतो, पण त्याच जमिनीवर राबणारा कूळ किंवा मजूर सहसा दिसत नाही. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकल्या होत्या, म्हणजे मोबदला आणि नुकसान एकाच माणसाच्या वाट्याला आलं असं धरून चालत नाही. वि. म. भुस्कुटे यांनी या लढ्याबद्दल लिहिलं, पण ते स्वतः लढ्यातले कार्यकर्ते होते. प्रत्येक साधन कामाचं आहे, पण कुठलंही एक पुरेसं नाही.

'आधीची' नोंद हातात असेल तर काय फरक पडतो? त्यासाठी आफ्रिकेतल्या एका तळ्याकाठी जाऊ. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवर करिबा नावाचा तलाव आहे. लांबी सुमारे २८० किलोमीटर, काठावर वाळू, लॉज, हाउसबोट. तिथे मुक्कामाला गेलात तर समोर समुद्रच आहे असं वाटेल. पण तोही धरणाचाच. झांबेझी नदीवरचं हे धरण १९५५ ते १९५९ मध्ये बांधलं गेलं, आणि तिथली वीज तांब्याच्या खाणींना हवी होती. गिरण्यांच्या जागी खाणी घाला, गोष्ट ओळखीची वाटेल. सुमारे ५७,००० टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. १९५८ मध्ये जायला नकार देणाऱ्या एका गावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ माणसं मेली. पाणी चढताना अडकलेले प्राणी वाचवण्याची 'ऑपरेशन नोआ' ही मोहीम मात्र जगभर गाजली.

फरक इथे आहे. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे दोन अभ्यासक १९५६ मध्येच, म्हणजे लोकांना हलवण्याआधी, तिथे पोचले. घराघरांची नोंद केली, शेती आणि नातीगोती समजून घेतली. आणि मग अनेक दशकं त्याच लोकांकडे परत परत जात राहिले. म्हणूनच विस्थापनाचा त्रास नव्या जागी गेल्यावर संपत नाही, तो वर्षानुवर्षं चालतो, हे ते नोंदींच्या आधारावर सांगू शकले. यामुळे टोंगा लोकांची जमीन परत मिळाली नाही, हेही विसरू नका. पण त्यांचं नुकसान नाकारणं अवघड झालं. मुळशीत कुणी अशी घरोघरची नोंद करून ठेवली असती तर?

म्हणून आराखडा लिहिताना तीन गोष्टी तपासा. तुमची 'मूळ स्थिती' कुठल्या सालची आहे? त्याआधी तिथे काय होतं? आणि नोंद ठेवणाऱ्याने कुणाला मोजलं नाही? पाण्याचा नमुना असो की गावाचा सर्व्हे, प्रश्न हेच.

मी आराखड्यातून 'नैसर्गिक' शब्द काढला. त्या जागी 'जलाशय, १९२० च्या दशकात निर्माण' असं लिहिलं आणि तुलनेसाठी धरणाच्या वरच्या बाजूचे ओढे घेतले. काम तीन महिन्यांनी लांबलं. तळ्याकाठी अजूनही जातो. फक्त आता भजी खाता खाता लॉजवरच्या म्हाताऱ्या काकांना विचारतो, "काका, तुमचं मूळ गाव कुठलं?" गेल्या वेळी त्यांनी हातानेच पाण्याकडे दाखवलं.