लाडोगाचा बर्फ : जाडी तीच, भरवसा नाही



गोठलेल्या सरोवरावरून भरलेला ट्रक न्यायचा आहे. एका दिवशी तापमान उणे 20 अंश आहे आणि बर्फाची जाडी 40 सेंटीमीटर. दुसऱ्या एका दिवशी तापमान शून्याच्या वर 2 अंश आहे, छान ऊन पडले आहे आणि जाडी तीच, 40 सेंटीमीटर. तुम्ही कोणत्या दिवशी जाल? हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा बरेच जण म्हणतात, जाडी तीच तर भारक्षमताही तीच; मग हात गारठणार नाहीत तो दिवस बरा. हे उत्तर चुकीचे आहे. का चुकीचे आहे, ते 1941-42 च्या हिवाळ्यातील एका उदाहरणावरून पाहू.

पार्श्वभूमी

8 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबुर्ग घेतले आणि लेनिनग्राडचा (आजचे सेंट पीटर्सबर्ग) उरलेल्या देशाशी जमिनीवरून असलेला संबंध तुटला. शहरात सुमारे 25 लाख लोक होते. वाट उरली ती फक्त पूर्वेकडच्या लाडोगा सरोवरातून. नोव्हेंबरात पाणी गोठू लागले तशा बोटीही थांबल्या. 20 नोव्हेंबरपासून कार्यालयीन कर्मचारी, मुले आणि घरातील अवलंबून माणसे यांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळू लागला. त्या पावातही पीठ कमी आणि भेसळ जास्त होती.

त्याच दिवशी बर्फावरून घोड्यांच्या घसरगाड्या निघाल्या आणि 22 नोव्हेंबरला ट्रक. पश्चिम किनारा ते पूर्वेचे कोबोना गाव, हे अंतर सुमारे 30 किलोमीटर. लोक या वाटेला पुढे 'जीवनमार्ग' म्हणू लागले.

जाडीचे गणित

बर्फाची भारक्षमता ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आज वापरात असलेला एक सावध अंदाज असा : जाडी सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि 3.5 ने गुणा. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. 20 सेंटीमीटरसाठी 1400 किलो, 40 सेंटीमीटरसाठी 5600 किलो. या मार्गावरचा नेहमीचा ट्रक गाझ-एए. त्याचे स्वतःचे वजन सुमारे 1.8 टन आणि भार 1.5 टन, म्हणजे एकूण 3.3 टन. त्याला सुमारे 31 सेंटीमीटर बर्फ हवा. सुरुवातीच्या दिवसांत तेवढा बर्फ नव्हता. म्हणून ट्रकमध्ये मोजकीच पोती ठेवत, उरलेला माल मागे बांधलेल्या घसरगाडीवर टाकून वजन विभागत आणि दोन गाड्यांत अंतर राखत. तरीही पहिल्या काही आठवड्यांत शंभराहून अधिक ट्रक बर्फात अडकले किंवा बुडाले.

वेगाचे कोडे

एक गोष्ट मात्र या गणितात बसत नव्हती. भरलेले ट्रक शहराकडे सुखरूप पोचत आणि परतीच्या वाटेवर लोकांना घेऊन जाणारे, वजनाने हलके ट्रक बुडत. लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतील पावेल कोबेको आणि नाऊम रेइनोव यांनी बर्फ किती वाकतो हे नोंदवणारी उपकरणे बर्फावर बसवली. उत्तर मिळाले. चालत्या गाडीबरोबर बर्फाखालच्या पाण्यात लाट धावते. उथळ पाण्यात तिचा वेग गुरुत्वत्वरण गुणिले खोली याच्या वर्गमुळाइतका असतो. खोली 10 मीटर धरली तर तो सेकंदाला सुमारे 9.9 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटरच्या आसपास येतो. गाडीचा वेग याच्याशी जुळला की अनुनाद होतो, बर्फाचे वाकणे वाढत जाते आणि तो फुटतो. भरलेला ट्रक हळू चालत असे म्हणून वाचे. यावरून वेगाचे आणि गाड्यांतील अंतराचे नियम ठरले.

ऊन पडल्यावर

एप्रिल 1942 मध्ये हवा सुखद झाली आणि खरा धोका सुरू झाला. इथे पदार्थविज्ञान लक्षात घ्या. पोलाद आपल्या द्रवणांकापासून हजारभर अंश दूर राहून काम करते. बर्फ मात्र कायम द्रवणांकाच्या उंबरठ्यावर असतो. ऊन बर्फाच्या आत शिरते आणि स्फटिकांच्या जोडांवर आधी वितळण सुरू होते. थर जाडच दिसतो, पण आतून तो उभ्या कांड्यांच्या जुडीसारखा सुटा झालेला असतो. किनाऱ्याजवळ आणि नदीच्या मुखाशी तो आधी सुटतो. रात्री वरचे पाणी पुन्हा गोठते आणि सकाळी पृष्ठभाग भक्कम वाटतो. पट्टीने मोजलेला आकडा खरा असतो. त्यावरून काढलेली भारक्षमता खोटी ठरते.

लाडोगावर चाके पाण्यात बुडवून ट्रक चालत राहिले. खालचा तडा चालकाला दिसत नसे. गाडी खाली गेलीच तर उडी मारता यावी म्हणून चालक दरवाजे उघडे ठेवत.

थांबायचे कधी?

वाहतूक लवकर थांबवावी तर शहरात भूक, उशिरा थांबवावी तर चालक आणि प्रवासी पाण्यात. बोटी सुरू व्हायला मे महिन्याचा उत्तरार्ध उजाडणार होता. म्हणून 24 एप्रिलपर्यंत ट्रक धावले. त्या हिवाळ्यात या वाटेने 3 लाख 60 हजार टनांहून अधिक माल आला आणि पाच लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. तो धोका पत्करण्यामागे हे कारण होते. मासे पकडायला किंवा फोटो काढायला बर्फावर गाडी घालणाऱ्याकडे असे कोणते कारण असते?

आपल्याकडे लडाखमध्ये झांस्कर नदीच्या गोठलेल्या पात्रावरून, म्हणजे 'चादर'वरून, माणसे पायी जातात. वाटेत काठीने बर्फ ठोकून आवाज ऐकतात. ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सूत्र वापरणाऱ्या अभियंत्यानेही एवढे लक्षात ठेवावे : सूत्रातला 3.5 हा आकडा थंड, एकसंध, स्वच्छ बर्फासाठी आहे. हवा बदलली की तो आकडा आपला राहत नाही.

स्वाध्याय

1. खोली 6 मीटर असल्यास गाडीचा धोकादायक वेग किती?
2. जाडी तीच असताना एप्रिलमधील बर्फ जानेवारीतील बर्फापेक्षा कमकुवत का?
3. 15 एप्रिल 1942 रोजी निर्णय तुमच्या हाती असता, तर वाहतूक चालू ठेवली असती का? दोन्ही बाजू मांडा.